पणजोबांची पलटण कशी शोधायची: ट्रंकेतली पत्रं, गावचं दप्तर आणि लष्कराचे कागद

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात तीन पत्रं, एक फाटकं पाकीट आणि एक जड गोल थाळी, तळहाताएवढी, त्यावर सिंहाचं आणि बाईचं चित्र. माझी आजी ती थाळी दर दसऱ्याला चिंचेने घासून देव्हाऱ्याजवळ ठेवायची, का ठेवायची ते तिलाही नीट माहीत नव्हतं, "पलटणवाल्या आजोबांची आहे" एवढंच सांगायची. पलटणवाले आजोबा म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. लढाईत गेले, लग्न झालेलं नव्हतं, मागे कोणी नाही, त्यामुळे त्यांची आठवण काढणारं माणूस म्हणजे आजी आणि माझी आत्या. आत्या म्हणायची ते जर्मनीत गेले, काका म्हणायचे फ्रान्सला. प्रत्यक्षात ते गेले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट गावाजवळ, जानेवारी १९१७ मध्ये. हे कळायला मला साडेतीन वर्षं लागली, आणि त्यातले आठ महिने मी भलत्याच माणसाच्या मागे होतो. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून जे केलं ते क्रमाने लिहितोय.

उदाहरणं बरीचशी कोकण, सातारा, कोल्हापूर भागातली आणि पहिल्या महायुद्धातली आहेत कारण माझा शोध तिथला आहे, दुसऱ्या महायुद्धाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी हे जवळ ठेवा

- घरातली सगळी जुनी पत्रं, पाकिटं, मनीऑर्डरच्या पावत्या, पेन्शनचे कागद, मेडल, फोटो (फोटोची मागची बाजू पण)
- जमिनीचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, आजचा सातबारा
- घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला
- बऱ्यापैकी कॅमेरा असलेला मोबाईल, एक भिंग, पेन्सिल (पेन नको)
- एक जाड वही. सगळं मोबाईलमध्येच ठेवू नका, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कित्येकदा फोटो काढू देत नाहीत, तिथे हातानेच उतरवावं लागतं

१. ट्रंक उघडायच्या आधी म्हातारी माणसं

कागद शंभर वर्षं टिकलेत, ते आणखी महिनाभर टिकतील, आत्या टिकेल याची खात्री नसते. म्हणून आधी त्यांच्याकडे जा. पण "आपल्या घराण्याचा इतिहास सांगा" असं विचारलं की माणसं गप्प होतात किंवा शिवाजी महाराजांपासून सुरू करतात. बारीक विचारा. त्यांची मनीऑर्डर कुठल्या पोस्टात यायची? पेन्शन कोणाच्या नावावर होती, आईच्या की भावाच्या? पेन्शन घ्यायला खेडला जायचे की चिपळूणला? त्यांच्याबरोबर गावातून अजून कोण गेलं होतं? या शेवटच्या प्रश्नाने मला फार मदत झाली, कारण एका गावची पोरं बहुतेक एकत्रच भरती व्हायची आणि एकाच पलटणीत जायची, त्यामुळे शेजारच्या घरातला कागद सुद्धा तुमचाच समजा.

मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आणि सांगितलेलं सगळं खरं धरू नका पण टाकूनही देऊ नका. आत्याचं "जर्मनी" चुकीचं होतं, पण "पावसाळ्यात पत्र आलं आणि पुढच्या शिमग्याला कळलं" हे तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं वाक्य शेवटी तंतोतंत जुळलं.

२. पत्राच्या आधी पाकीट वाचा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पत्र मोडीत होतं, ते कोणाकडून वाचून घ्यायचं या धावपळीत पाकिटाकडे लक्षच दिलं नाही. आणि खरी माहिती पाकिटावर होती.

पाकिटावर, पोस्टकार्डावर किंवा मेडलच्या कडेवर या गोष्टी शोधा:

सैनिकाचा नंबर. नावाच्या आधी तीन किंवा चार आकडी नंबर असतो, बऱ्याचदा पेन्सिलने लिहिलेला आणि पुसट झालेला. हाच नंबर तुमच्या सगळ्या शोधाची किल्ली आहे. नावाची स्पेलिंगं हजार होतात, गावाची दोन हजार होतात, नंबर तोच राहतो. फक्त एक लक्षात ठेवा, पहिल्या महायुद्धात नंबर पलटणीपुरता असायचा, म्हणजे २१३४ नंबरचा शिपाई १०३ नंबरच्या पलटणीत पण असेल आणि ११० मध्ये पण. नंबर आणि पलटण ही जोडी मिळाली तरच उपयोग.

पलटणीचं नाव. १०५ मराठा लाईट इन्फंट्री, ११४ मराठा, १०४ रायफल्स, १२१ पायोनियर्स, ३ सॅपर्स अँड मायनर्स असं काहीतरी. इंग्रजीत मराठाचं स्पेलिंग तेव्हा मधे एच घालून, एम-ए-एच-आर-ए-डबल टी-ए असं असायचं, ऑनलाइन शोधताना तेच टाका.

आय. ई. एफ. आणि पुढे एक अक्षर. हे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सचं लघुरूप. ए म्हणजे फ्रान्स, बी आणि सी म्हणजे पूर्व आफ्रिका, डी म्हणजे मेसोपोटेमिया, ई म्हणजे इजिप्त. आमच्या पाकिटावर "डी" होता आणि त्या एका अक्षराने फ्रान्स आणि जर्मनी दोन्ही बाद झाले. पंचम जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर सुद्धा आय. ई. एफ. असं छापलेलं दिसतं, म्हणून तिकीट कापून घेऊ नका आणि कोणाला कापूनही देऊ नका.

फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का. गोल शिक्क्यात एफ. पी. ओ. आणि नंबर. गावाचं नाव सेन्सॉरमुळे नसतं, पण कुठला नंबर कधी कुठे होता हे जुनी तिकिटं जमवणाऱ्या लोकांना चांगलं माहीत असतं, पुण्या-मुंबईत त्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे शिक्क्याचा फोटो घेऊन जा. मला एका गृहस्थांनी उभ्या उभ्या सांगितलं.

मेडल असेल तर कड भिंगाखाली बघा. १९१४-१५ च्या ताऱ्यावर नंबर-नाव मागच्या बाजूला असतं, गोल मेडलांवर कडेला. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, अडीअडचणीला सोनाराकडे गेलेलं असण्याची शक्यता खूप. ते ब्राँझचं निघालं तर माणूस बहुधा लढणारा शिपाई नसून मजूर किंवा फॉलोअर म्हणून गेला होता, त्याबद्दल पुढे लिहितो.

आणि ती गोल थाळी. ती देवाची ताटली नाही आणि कसलं बक्षीसही नाही. युद्धात मेलेल्या माणसाच्या घरी ब्रिटिश सरकार ती पाठवायचं, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, ब्राँझची. त्यावर फक्त नाव असतं, नंबर नाही, हुद्दा नाही, पलटण नाही. आमच्या थाळीवरचं नाव शंभर दसऱ्यांच्या चिंचेने इतकं झिजलंय की तिरका टॉर्च मारल्याशिवाय वाचता येत नाही. तुमच्या घरी असेल तर कृपा करून घासू नका. कोरड्या सुती फडक्याने पुसा, बस.

३. मोडी पत्र: उलगडायचं कसं, वाचून कोणाकडून घ्यायचं

घडी घातलेलं पत्र कडक झालं असेल तर जबरदस्तीने उघडू नका, घडीवर तुटतं. पावसाळी हवेत दोन-तीन दिवस उघड्यावर, पण पाण्यापासून लांब ठेवलं की कागद आपोआप मऊ पडतो. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, लॅमिनेट केलेलं पत्र परत मोकळं होत नाही. फोटो दिवसाच्या उजेडात खिडकीशी काढा, एक सरळ आणि एक बाजूने तिरका उजेड पडेल असा. पेन्सिलचं लिखाण तिरक्या उजेडात उठून दिसतं.

मोडी वाचणारे लोक आहेत, घाबरू नका. राज्याच्या पुराभिलेख विभागाची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूरला आहेत, तिथे मोडी जाणकारांची माहिती मिळते आणि मोडीचे वर्गही होतात. मी स्वतः वर्ग केला आणि तुम्हालाही तेच सांगेन, सगळं वाचता आलं नाही तरी नाव, गाव, तारीख एवढं ओळखता येतं आणि मग फेरफाराची जुनी पानं बघताना कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि हात न उचलता लिहितात, त्यामुळे दोन शब्द कुठे तुटतात हेच आधी कळत नाही. पहिला आठवडा जड जातो, मग डोळा बसतो.

त्या काळातल्या पत्राचा साचा ठरलेला असतो. "तीर्थरूप दादांचे सेवेशी, कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष" असं सुरू, मग "येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे", आणि खाली "कळावे, लोभ असावा ही विनंती". हा भाग पाठ करून ठेवा, म्हणजे तेवढी अक्षरं ओळखीची होतात आणि त्यांच्या आधाराने मधला मजकूर सुटत जातो. आमच्या पत्रातला मधला मजकूर सात ओळींचाच आहे. इथे उष्मा फार. लावणी झाली का. तांबडा बैल बसतो का अजून. आठ रुपये पाठवलेत ते पोचल्याचं लिहा. शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला ११ रुपये होता, त्यातले आठ. हे वाचून दाखवल्यावर आत्या बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "बैलाचं विचारलंन, सोताचं नाय लिवलंन काय."

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर वाईट वाटतं. पत्रातलं अक्षर तुमच्या पूर्वजाचं असेलच असं नाही. लिहिता न येणारे शिपाई कंपनीतल्या लिहिणाऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचे. आमच्या तीन पत्रांत दोन वेगवेगळी अक्षरं आहेत. बैलाची चौकशी मात्र तिन्हींत आहे, ती नक्की त्यांचीच.

तारीख शक आणि मितीत असते. शकात ७८ मिळवा, आणि १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. श्रावण शुद्ध ५ शके १८३८ म्हणजे ऑगस्ट १९१६ चा पहिला आठवडा, पण पौष शके १८३८ चा बराचसा भाग जानेवारी १९१७ मध्ये येतो. मी आधी सगळीकडे ७८ च मिळवत होतो आणि त्यामुळे एक पत्र वर्षभर मागे गेलं. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवा.

काहीजण विचारतात की सेन्सॉरने उघडलेली पत्रं लंडनला आहेत म्हणे, त्यात आपलं मिळेल का. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात १९१४ ते १९१८ मधल्या भारतीय सैनिकांच्या पत्रांचे उतारे आहेत, ही गोष्ट खरी. पण ती फ्रान्समधल्या सैनिकांची टपाल तपासणी होती, उतारे इंग्रजी भाषांतरात आहेत आणि बहुसंख्य पंजाब आणि उत्तरेकडच्या लोकांचे आहेत. तुमचे पूर्वज फ्रान्सला होते हे पाकिटावरून पक्कं झालं असेल तर जरूर बघा. पाकिटावर "डी" असेल तर तिथे वेळ घालवू नका.

४. जुनी पलटण आज कुठली?

हा टप्पा बरेच जण गाळतात आणि मग बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला चुकीचा अर्ज जातो. एकाच पलटणीला तीन-तीन नावं असतात. १९०३ साली नवीन नंबर दिले तेव्हा बॉम्बेच्या पलटणींच्या जुन्या नंबरात १०० मिळवले, म्हणजे ५ बॉम्बेची १०५ झाली. मग १९२२ ला सगळी फौज परत मांडली आणि त्या मांडणीत ५ मराठा लाईट इन्फंट्री नावाची एक मोठी रेजिमेंट झाली:

- १०३ ची झाली पहिली बटालियन (जंगी पलटण म्हणतात ती)
- १०५ ची दुसरी (काली पांचवी, जुना ५ नंबर नावात राहिला तो असा)
- ११० ची तिसरी
- ११६ ची चौथी
- ११७ ची पाचवी
- ११४ ची दहावी, म्हणजे ट्रेनिंग बटालियन

त्यामुळे "५ मराठा" असं कुठे दिसलं तर ते १९०३ च्या आधीचं ५ बॉम्बे आहे की १९२२ नंतरची रेजिमेंट आहे ते साल बघून ठरवा.

मराठा म्हटलं की सगळे मराठा पलटणीतच होते असं पण समजू नका, पायोनियर्स, ग्रेनेडियर्स, सॅपर्स, तोफखाना सगळीकडे आपली माणसं होती, आणि मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. महार घराण्यांनी १११ महार ही पलटण बघावी, ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली, आजची महार रेजिमेंट १९४१ ची आहे. जुन्या याद्यांमध्ये महार सैनिकांची नावं "नाक" या शेवटाने येतात आणि इंग्रजीत तो शेवट एन-ए-सी असा लिहिलेला असतो, हे माहीत नसेल तर समोर असलेलं नाव दिसत नाही.

कूटच्या वेढ्याबद्दल पण इथेच सांगतो. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि शेवटी सुमारे १३,००० लोक तुर्कांच्या कैदेत गेले. म्हणून कोकणात "कूटला गेला" म्हणजे वेढ्यातच गेला असं धरतात. आमचे आजोबा १०५ मध्ये, ते वेढ्यात नव्हतेच, ते नंतर कूट परत घ्यायला गेलेल्या फौजेत होते. मी मात्र वेढ्याच्या कैद्यांमध्ये त्यांना शोधत होतो आणि तिथे ११० मध्ये त्यांच्याच नावाचा, त्यांच्याच तालुक्यातला माणूस सापडला. तेच ते आठ महिने. पाकिटावरचा पलटणीचा नंबर आधी वाचला असता तर एका दुपारी कळलं असतं.

५. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी ही संस्था. साइट फुकट आहे आणि इथे सगळ्यात जास्त मिळतं. पण इथे फक्त मेलेल्यांची नोंद असते. माणूस जिवंत परत आला असेल तर तिथे शोधू नका. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू घेतलेत, म्हणजे घरी आल्यावर आजारपणात गेलेला सैनिक सुद्धा असू शकतो.

शोधताना असं करा. नावाचा रकाना रिकामा सोडा, फक्त नंबर टाका आणि भारतीय फौज निवडा. नसेल मिळत तर नाव टाका, पण भारतीय सैनिकांचं पूर्ण नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात असतं, त्यामुळे आडनाव वेगळं करून टाकलं की सापडत नाही. पवारचं स्पेलिंग ए ने पण आहे ओ ने पण आहे, शिंदे तर चार-पाच तऱ्हेने. नोंद उघडली की खाली जादा माहितीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो, सगळ्यांचा नाही पण बऱ्याच जणांचा. गावाचं नाव एखाद्या इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलंय, मोठ्याने वाचून बघा म्हणजे ओळखू येतं.

जिल्ह्यांची नावं जुनी आहेत. रायगड नाही, कुलाबा. सिंधुदुर्ग नाही, रत्नागिरी (दोन्ही बदल १९८१ चे). सांगलीच्या बऱ्याच गावांसाठी सातारा. आणि सावंतवाडी, जंजिरा, भोर, फलटण, कोल्हापूर ही संस्थानं होती, तिथे जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येईल. खेड दोन आहेत, एक रत्नागिरीतलं आणि एक पुण्याजवळचं, हा घोळ फार जणांचा होतो.

मेसोपोटेमियात गेलेल्या बहुतेकांच्या नोंदीत बसरा मेमोरियल लिहिलेलं असेल. तिथे ४०,००० हून जास्त लोकांचं स्मारक आहे. पण जेव्हा ते बांधलं तेव्हा भिंतीवर इंग्रज सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या भारतीय शिपायांचा फक्त पलटणवार आकडा. हे मला कळलं त्या दिवशी मी साइट बंद केली आणि दोन दिवस उघडली नाही. कमिशनने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आहे. आज ऑनलाइन नावं आहेत, तेवढं तरी आहे.

६. गावचं दप्तर: फेरफार हाच खरा पुरावा

लष्कराच्या कागदातला माणूस आपलाच हे ठरतं गावच्या कागदावरून. बापाचं नाव जुळणं पुरेसं नाही, आमच्या एका गावात त्या नावाचे तीन बाप होते.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावून. काय मागायचं ते नेमकं लिहा, "जुने रेकॉर्ड द्यावे" असा अर्ज परत येतो. मागा: अमुक सर्व्हे नंबरचे जुने फेरफार, विशेषतः वारस फेरफार. मुंबई इलाख्यात हक्क नोंदीचा कायदा १९०३ चा आहे, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फेरफार बऱ्याच गावांचे मिळतात. वारस फेरफारात मयताचं नाव, कधी मयत, वारस कोण, हे सगळं एका ओळीत असतं. आमच्या नोंदीत "लढाईत मयत" असे दोन शब्द आहेत, मोडीत, आणि पुढे आईचं नाव वारस म्हणून. आईचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं.

दुसरं मागा गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कोतवाल बुक म्हणतात ते. त्यात जन्म शोधा. मृत्यू बहुतेक मिळत नाही कारण मृत्यू गावात झालाच नाही.

कोकणात एक वेगळी अडचण आहे. खोती गाव (जिथे सारा खोत वसूल करायचा) असेल तर १९४९ च्या खोती निर्मूलनाच्या कायद्याआधी कुळाचं नाव सरकारी कागदात बऱ्याचदा नीट येत नाही, ते खोताच्या दप्तरात असू शकतं. खोत घराण्यातल्या कोणाकडे जुनी दप्तरं आहेत का विचारा, नम्रपणे, आणि आपल्याला जमीन मागायची नाहीये हे पहिल्या वाक्यात सांगा. मी ते तिसऱ्या भेटीत सांगितलं, तोवर मला चहा मिळत होता पण दप्तर नव्हतं.

अजून दोन सोपे रस्ते आहेत. महाभूमीच्या आपले अभिलेख या साइटवर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार स्कॅन केलेले आहेत. आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम झालं तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यांनी जुनी मोडी पानं स्कॅन करून आपापल्या वेबसाइटवर गाववार टाकली, त्यात जातीच्या दाखल्याशी संबंध नसलेल्यांनाही आपलं घराणं सापडतंय. अर्जाला उत्तरच येत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांत अर्ज करा. माझा एक अर्ज एका कार्यालयात सात महिने पडून होता, माहिती अधिकारात विचारल्यावर रजिस्टर आहे एवढं लेखी मिळालं आणि पुढचं काम हललं.

तारखेचा फरक दिसला तर घाबरू नका. लष्कराच्या नोंदीत जानेवारी १९१७, आमच्या फेरफारात १९१८. गावात मृत्यूची तारीख म्हणजे खबर आली ती, किंवा तलाठी नोंद घ्यायला बसला ती. कैदेत गेलेल्यांच्या बाबतीत तर लष्कराची तारीखसुद्धा अंदाजाने धरलेली असू शकते.

पाटी बघायला विसरू नका. बऱ्याच गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातून एवढे लोक १९१४ ते १९१९ च्या लढाईत गेले आणि त्यातले एवढे परत आले नाहीत. नावं नसतात, आकडेच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले म्हणून तिथे स्मारक आहे. आमच्या शेजारच्या गावातली पाटी चुन्याच्या तीन थरांखाली होती.

वंशावळीसाठी नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत, तुमचं घराणं कोणाकडे ते गावावरून आणि आडनावावरून सांगतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी यायचे, घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं म्हणून दाखवायचे, अजूनही काही येतात. यांच्याकडून पिढ्या मिळतात, तारखा नाही मिळत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी आपल्या चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आणि पणजीचं अभिलेखागार बघावं.

७. त्या दिवशी काय झालं

नाव, नंबर, पलटण, तारीख हातात आली की लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या (लढाईच्या रोजनिश्या) आहेत, डब्ल्यू ओ ९५ या मालिकेत. काही ऑनलाइन मिळतात, पैसे भरून, काही तिथे जाऊन बघाव्या लागतात, तिकडे कोणी नातेवाईक असेल तर त्याला सांगा. डायरीत साहेबांची नावं असतात, शिपायांचे आकडे. तुमच्या माणसाचं नाव मिळणार नाही हे धरूनच चाला. पण जानेवारी १९१७ मध्ये १०५ ही पलटण कूटजवळ तिग्रिसच्या खदैरी वळणावर तुर्कांच्या खंदकांवर चालून गेली होती, हे कळल्यावर आमच्या फेरफारातल्या "लढाईत" या शब्दाला जागा मिळाली. बक्षीस किंवा पदक मिळालं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, फुकट शोधता येतं. दिल्लीत नॅशनल अर्काइव्हजची अभिलेख पटल ही साइट आहे, तिथे लष्करी खात्याच्या फायली आहेत, पण सुरुवात तिथून करू नका, समुद्र आहे.

पंजाबचे गाववार भरती रजिस्टर ऑनलाइन आलेत हे वाचून आपल्याकडचे कुठे आहेत असं विचारलं जातं. ते पंजाबपुरते आहेत, त्यात आपली गावं नाहीत.

८. दुसरं महायुद्ध असेल तर

इथे आशा जास्त. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं केंद्र सागरला. अर्जात नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, त्या काळचं गाव-तालुका-जिल्हा, आणि तुमचं नातं दाखवणारा कागद (वारस फेरफाराची नक्कल चालते) जोडा. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद असेल तर झेरॉक्स जोडा, मूळ कधीच पाठवू नका. शीट रोल मागा, तोच शब्द वापरा, त्यात भरती, बदल्या, सुट्या, वारस सगळं असतं. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाचा शीट रोल मिळणं फार दुर्मिळ, त्याची आशा धरून थांबू नका.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण जा, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना सरकार मानधन देतं त्यामुळे तिथे त्यांच्या नोंदी असतात. इटलीत गेलेल्यांसाठी सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात ५०० हून जास्त भारतीयांचं दहनस्मारक आहे, नावांसकट. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, १९४४ ला इटलीतच पडले, त्यांच्याबरोबर त्या भागातली किती घरं तिकडे होती ते रायगडकरांना माहीत आहे.

युद्धकैदी झाले असतील तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे, पहिल्या युद्धाच्या याद्या ऑनलाइन आहेत, दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागतो.

९. सगळेच शिपाई नव्हते

लांगरी (स्वयंपाकी), भिस्ती (पाणी वाहणारे), मोची, खच्चर हाकणारे ड्राबी, मजूर तुकड्या. घरात "मिलिटरीत होते" एवढंच राहतं आणि पलटणीत नाव मिळालं नाही की लोक शोध सोडतात. कमिशनच्या साइटवर हुद्द्याच्या जागी फॉलोअर असं टाकून परत शोधा.

आणि रत्नागिरी किनाऱ्यावरचे खलाशी. जहाज बुडून गेलेल्यांसाठी मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे, पहिल्या युद्धातले २,००० हून जास्त खलाशी त्यात आहेत, दुसऱ्या युद्धातल्यांची नावं चितगाव आणि मुंबई दोन्हीकडच्या नोंदवहीत आहेत. याची नोंद पण त्याच साइटवर मिळते, जहाजाचं नाव माहीत असेल तर त्यावरून.

१०. चुकीची नोंद दुरुस्त करायची असेल

कमिशन पुरावा दिला तर नोंद सुधारतं. आमच्या आजोबांच्या बापाचं नाव बरोबर आहे पण गावाचं नाव असं लिहिलंय की नकाशावर ते गावच नाही. मी अर्जासोबत पाकिटाचा फोटो, १०५ आणि त्यांचा नंबर दिसेल असा, वारस फेरफाराची नक्कल आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडलं. भाषांतर स्वतः केलं तरी चालतं, पण मूळ मोडी, त्याचं बाळबोध (देवनागरी) आणि इंग्रजी असे तिन्ही एकाखाली एक द्या म्हणजे पडताळायला सोपं जातं.

अर्जाची प्रिंट ट्रंकेत पत्रांशेजारी ठेवलीय, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, वर पेन्सिलने नंबर, पलटण आणि आत्याने सांगितलेलं घरातलं नाव. थाळी देव्हाऱ्याजवळच आहे. आत्याने या दसऱ्याला ती कोरड्या फडक्याने पुसली आणि शेजारी फेरफारातून कळलेलं त्यांच्या आईचं नाव एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं.